चार दातांच्या खुणा

दूध तापवायच्या पातेल्यात आमच्या ह्यांनी कार्ब्युरेटर भिजत घातला होता. रॉकेलात. मी म्हटलं, "अहो, हे दुधाचं पातेलं आहे." तर म्हणतात कसे, "अगं, धुतलं की झालं." पातेलं मी फेकून दिलं. ह्यांनी ते उचलून आणलं आणि आता त्यात नट ठेवतात.

गेली काही वर्षं आमच्या तळमजल्यावर एक दुर्मिळ गाडी राहते. आम्ही आपले तिच्या सोबतीला वर राहतो. आणली तेव्हा ती गाडी म्हणायच्या लायकीचीसुद्धा नव्हती, गंजाचा सांगाडा नुसता. मागची सीट फाडली तर आत उंदरांचं घरटं, त्यात वाळून चिप्प झालेली पिल्लं. शी. ह्यांनी ती माझ्या सुपलीत भरून बाहेर टाकली आणि सुपली परत स्वयंपाकघरात आणून ठेवली. वास असा सुटला की सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, "लहानपणी याला मी मातीत खेळू दिलं नाही, त्याची ही फेड." मी म्हटलं, फेडायचं होतं तुम्ही, फेडतेय मी.

पण ती किळस साबणाने जायची. हात घासून धुतले, खिडक्या उघडल्या, संपलं. मी त्या उंदरांना आता नावंसुद्धा ठेवत नाही.

या बनावटीच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. जुन्या गाड्यांचं एक मंडळ आहे, त्यांचं प्रमाणपत्र मिळालं की ह्यांच्या जन्माचं सार्थक. पण प्रमाणपत्रासाठी सगळे भाग त्याच काळातले, अस्सल पाहिजेत, नवे घडवलेले चालत नाहीत. आमच्या गाडीची तर दारंच कुजलेली. कुठून कुठून विचारत ह्यांना बाईंचा पत्ता लागला.

बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. घरात एकट्या, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांच्याकडे हीच गाडी, फक्त पुढच्या सालची, आणि चालती. यजमान गेल्यापासून चालवायला कुणी नव्हतं, तरी शेजाऱ्याकडून आठवड्याला एकदा सुरू करून घ्यायच्या. त्यांच्याकडे जाताना ह्यांनी मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. बरोबर बायको दिसली की समोरच्याचा विश्वास बसतो, एवढी अक्कल ह्यांना आहे.

ह्यांनी सांगितलं, "बाई, गाडी मला द्या, मी हिला नव्यासारखी करणार." बाईंनी माझा हात धरला आणि डाव्या दाराच्या खिडकीखालच्या लाकडी पट्टीवर ठेवला. "लागतंय काही?"

पट्टीत एक काळी गाठ होती आणि तिच्या शेजारी चार बारीक खड्डे.

"माझ्या लेकीचे दात," बाई म्हणाल्या. "दात येत होते ना, तेव्हा माझ्या मांडीवर उभी राहून सारखी ही पट्टी चावायची. फोटोही आहे तसा." मग म्हणाल्या, "शाळेत घालायच्या आधीच गेली. तापाने."

मी त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. बाई पुढे बोलल्या, "रंग बदला, सीट बदला, माझं काही म्हणणं नाही. एवढं फक्त घासू नका. आणि गाडी तयार झाली की मला एकदा हात लावू द्या."

आमच्या ह्यांनी छातीवर हात ठेवला. "बाई, शब्द देतो. तुमची गाडी म्हणजे आता माझी लेक."

लेक आपल्या चाकांवर आमच्या दारात आली. काही दिवस नाही गेले तर तळमजल्यावर कटर सुरू झाला. मी धावत खाली गेले. बॉनेट बाहेर, दारं उतरवलेली, छत अर्धं कापलेलं.

"अहो, तुम्ही ही दुरुस्त करणार होतात ना?"

"अगं, हिला कोण विचारतं? पुढच्या सालची आहे ही. आपली पहिल्या सालची."

चालती गाडी होती हो. जी चालत नव्हती तिच्यासाठी चालती कापली, आणि उरलेली भंगारवाला टेम्पोत घालून घेऊन गेला. एकच समाधान होतं, डावं दार आमच्या गाडीला बसवलं होतं, पट्टीसकट. बाईंचा फोन आला की मी बाकीचं काही न बोलता तेवढंच सांगायची. "पट्टी आहे हो बाई. जागच्या जागी आहे." त्यांनाही तेवढंच ऐकायचं असायचं.

मंडळाचे परीक्षक यायच्या आधी एकदा मी चहा घेऊन खाली गेले. हे स्टुलावर बसलेले, पट्टी मांडीवर, हातात पॉलिश पेपर, तोंडाने शीळ. विजारीवर लाकडाचा पिवळा भुगा पडलेला. मी बोट फिरवून पाहिलं. गाठ होती. तिच्या शेजारी काही नव्हतं.

"कशी गुळगुळीत झाली बघ," हे म्हणाले. "चार ठिकाणी कुरतडली होती. उंदरांनी असेल."

"उंदरांनी?"

"नाहीतर काय?" मग जरा थांबले. "अरे हो. त्या बाईंचं काहीतरी होतं, नाही का? असू दे गं. त्यांना कुठे दिसतंय."

आणि फुंकर मारून भुगा उडवला.

चहा मी तिथेच मोरीत ओतला. शिसारी आली मला त्या माणसाची. भांडणात बोलतात तशी नव्हे, खरीखुरी, पोटातून उठणारी. याच तोंडाने हा माझ्याशी गोड बोलतो, याच हाताने घास खातो. त्या रात्री मी अंथरूण सासूबाईंच्या खोलीत टाकलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, फक्त सरकून जागा दिली. बाईंचा फोन आला की मी तो उचलेनाशी झाले. काय सांगणार होते, कपाळ?

परीक्षक आले. बॅटरी मारून गाडीच्या पोटाखालून पाहिलं, इंजिन ऐकलं, मान डोलावली. डाव्या दाराशी मात्र थांबले.

"ही पट्टी नवी आहे."

"नाही हो साहेब, अस्सल आहे," हे म्हणाले.

"इतक्या जुन्या लाकडावर वापराच्या खुणा असतात. हिच्यावर एकही नाही. पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर प्रमाणपत्राचं विसरा."

मला हसू फुटलं.

परीक्षक गेल्यावर हे जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. "अगं, तो फोटो! पोरगी पट्टी चावतेय तो. त्यात ती गाठ दिसत असणार. गाठ जुळली की काम फत्ते."

"लाज विकून खाल्लीस का रे?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू यात पडू नकोस."

जेवणाचा हात तसाच ठेवून ह्यांनी डाव्या हाताने फोन लावला, टेबलावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून बाईंचा आवाज आला. "झाली का गाडी? पट्टी तशीच आहे ना?"

"अगदी तशीच, बाई. बोटसुद्धा लावलं नाही. फक्त तुमच्याकडचा तो फोटो हवा होता, मंडळाला दाखवायला."

"देते की," बाई म्हणाल्या. "एकच आहे तिचा. पण मला आता त्यात काही दिसत नाही हो. न्या तुम्ही. मला पट्टीला हात लावायला मिळाला की पुरे."

ह्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी टेबलावरचा फोन जवळ ओढला. "बाई, मी बोलतेय. फोटो यांना देऊ नका. पट्टी घासून टाकली यांनी. आता हाताला काही लागणार नाही."

फोन अजून चालूच होता. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि आमचे हे खरकट्या हाताने मला खुणावत कुजबुजत होते, "अगं, गाठ आहे म्हणावं. गाठ आहे ना अजून, ते सांग."