मिरच्यांची काजळी आणि झ्लाताचं लग्न

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा. शेजारच्या झ्लाताच्या लग्नाचा मी काढलेला व्हिडिओ एडिट करताना तो नेमका कोलोपाशी येऊन अडकायचा. कोलो म्हणजे हातात हात धरून सगळं गाव नाचतं तो नाच. चाळीस मिनिटांच्या आत संपत नाही, आणि त्यातला एखादा माणूस मी कापलाच, तर तो वर्षभर माझ्याशी बोलत नाही.

तरी मी अख्खा कोलो कापायचं ठरवलं होतं. झ्लाताचा बाप वुकाशिन ऑस्ट्रियात कामाला; लग्नाच्याच दिवशी तो तिथे अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आडवा झाला होता. आता तो रविवारी जेवायला येणार आणि संध्याकाळच्या बसने परत जाणार. तेवढ्यात त्याला लेकीचं लग्न दाखवायचं होतं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर कॅमेरा विकावा लागला असता.

गुरुवारी, कापण्याआधी एकदा लॅपटॉप दाखवून बघावा म्हणून, मी ल्युबिशाकाकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांचा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात गेलाय. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि वास घेतला.

“देसा, तू काम कुठे बसून करतेस गं?”

“अंगणात. आई आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजते ना, त्या चुलीशेजारी. तिला एकटीला कंटाळा येतो.”

“तरीच. पंखा काजळीने भरलाय. थोडं तेल-मीठ घाल, आयवारच होईल याचं.”

ते खोकला येईपर्यंत हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी पंखा साफ केला, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, एका मोडक्या लॅपटॉपमधली रॅम घातली.

“आणि मूळ व्हिडिओवर काम करू नकोस. हलक्या प्रती बनव, त्यांच्यावर कापाकापी कर. शेवटी लॅपटॉपच मूळ चित्रं जोडून देईल. या म्हाताऱ्याला पोती कशाला उचलायला लावतेस?”

सामानापुरते पैसे घेतले, मेहनतीबद्दल मागितल्या आयवारच्या दोन बरण्या.

कोलो सुरळीत चालला. तेव्हा कुठे मला दिसलं, की रांगेच्या टोकाला झ्लाता आहे आणि तिने एक हात सबंध नाचभर रिकामा पुढे धरलाय. मी एक क्षणही कापला नाही.

रविवारी झ्लाताच्या सासरी आम्ही सगळे जेवायला जमलो, आणि टीव्हीवर वुकाशिनने तो हात पाहिला. सूप टाकून उठला, टीव्हीशेजारी उभा राहिला, आपला हात पडद्यावरच्या झ्लाताकडे केला आणि पावलं टाकू लागला. खरी झ्लाता धावत आली आणि तिने तो हात धरला. दोघंही रडत होती आणि नाचत होती. मग सासू उठली, शेजारी उठले.

“हाच भाग कापणार होतीस ना?” काकांनी हळूच विचारलं.

मी त्यांचा हात धरला आणि रांगेत शिरले.