डावीकडची दोन चाकं

चारचाकीचं चाक इतकं महाग का असावं, हे मला अजून कळलेलं नाही. टायर नव्हे, आतलं ते चंदेरी चाक. अलॉय म्हणतात त्याला. आमच्या गाडीला ती कंपनीतूनच आली आणि डावीकडच्या दोन्हींची कड पार सोलून निघाली होती. साधी लोखंडी असती तर वर प्लास्टिकच्या टोप्या बसवून मी मोकळी झाले असते.

घाई एवढ्याचसाठी, की देवेश यायचा होता. देवेश आमचा मुलगा, पुण्यात असतो आणि आईवडिलांची काळजी फोनवरून करतो. दिवाळीत त्यानं ती चाकं बघितली आणि मला बजावलं, की पुन्हा असं दिसलं तर गाडी विकून टाकायची. रिक्षा काय मोबाईलवरही येते म्हणे. आली मोठी रिक्षा! पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले ती काही हौस म्हणून नाही. आमच्या ह्यांना, श्रीनिवासना, काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली, म्हणून शिकले. गाडी गेली की ह्यांचं बाहेर पडणं संपलंच. रिक्षाला हात करणं ह्यांच्या जिवावर येतं, समोरचा माणूस नीट दिसत नाही म्हणून.

आणि खरं सांगू का, ते ओरखडे माझे नव्हतेच.

मी गाडी चालवायची आणि ह्यांनी शेजारी बसून डावी बाजू सांभाळायची, अशी आमच्यात पहिल्यापासूनची रीत आहे. गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता सिमेंटचा झाला, तेव्हापासून डाव्या अंगाला नालीचा कठडा वर आलाय. तिथं पोचलं की मी विचारते, अहो, किती जागा आहे? हे काच खाली करतात, मान बाहेर काढतात आणि ठणकावून सांगतात, येऊ दे, येऊ दे, हातभर आहे. मग खर्रकन आवाज होतो. काय झालं म्हणून ह्यांनी विचारलं की मी म्हणते, काही नाही, खडी उडाली.

आरशात मला कठडा दिसतो की, आंधळी थोडीच आहे मी! पण ह्यांनी हातभर सांगितल्यावर मी भसकन उजवीकडं घेतलं तर ह्यांना कळायचं नाही का? म्हणून जमेल तेवढं हळूच घेते. कधी जमतं, कधी नाही. सगळी उमर ह्यांनी मला गाडीवरून फिरवलं. पेपर वाचणं सुटलं, टीव्हीही नीट दिसेना. एवढं एकच काम हातात उरलंय, तेही मी काढून घेऊ? माझ्यानं नाही व्हायचं ते. त्यापेक्षा चाकं सोललेली परवडली.

सर्व्हिसिंगला नेते असं घरी सांगून मी एकटीच शेंद्र्याला गेले. तिथं कृष्णा नावाच्या माणसाचं अलॉय दुरुस्तीचं शेड आहे. त्यानं चाकांवरून बोट फिरवलं, तडा नाही ना ते बघितलं. तडा असता तर हात लावला नसता म्हणाला, कारण तडकलेलं चाक वरून कितीही छान दिसलं तरी रस्त्यात दगा देतं. माझी नुसतीच खरचटलेली होती. जुना रंग केमिकलनं उतरवायचा, कड भरून घासून सारखी करायची, वर रंगाची पावडर मारायची आणि भट्टीत भाजायचं. एका चाकाचे तीन हजार. नवं घ्यायला गेलं तर त्याच्या तिप्पट. मी म्हटलं, भाजा बाबा.

"मावशी, चारी करून घ्या," कृष्णा म्हणाला. "दोनच केली तर लई येगळी दिसतेल."

पण उजवीकडच्यांना साधा ओरखडा नव्हता. चांगल्या वस्तूवर पैसे घालायची आमच्याकडं पद्धतच नाही. जोडीतल्या एका उशीचा अभ्रा विरला तर आम्ही तेवढाच बदलतो. मी ठाम नाही म्हटलं. दोनच करा, म्हटलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन आले. चाकं तयार होईपर्यंत त्यानं कुठलीतरी जुनी लावून दिली.

काम झाल्यावर बघायला गेले तर डोळ्यांवर विश्वास बसेना. कडेवरून नख फिरवलं, कुठं अडकलं नाही. शोरूममधून उचलून आणावीत तशी चाकं. आनंदानं गाडी घरी आणली, उन्हात लावली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मटकन पायरीवर बसले. डावीकडं कल्हई केलेली पातेली आणि उजवीकडं रोजच्या वापरातली, असं ते दिसत होतं. मग मनाची समजूत घातली, की माणसाला एका वेळी गाडीची एकच बाजू दिसते.

देवेशनं आल्या आल्या दोन्ही बाजू बघितल्या. बापाचा मुलगा तो.

हे ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत होते. देवेश चाकाशी उकिडवा बसला आणि मला म्हणाला, "आई, डावीकडचीच का केलीस? उजवीकडच्यांना काहीच झालेलं नाही. म्हणजे प्रत्येक वेळी डावीच बाजू घासते. तुला ती बाजू कळतच नाही."

"नाही कळत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग तो गाडी विकण्याचं बोलायला लागला. त्याच्या ओळखीचं गिऱ्हाईक होतं म्हणे, गाडी रविवारी बघून जाणार होतं. मी ऐकून घेत होते, पण मनातून हादरले होते. आता बोलले तर ह्यांचं उरलेलं काम जाणार आणि गप्प बसले तर गाडी.

ह्यांनी कप खाली ठेवला. काठी टेकत गाडीपाशी आले, डाव्या चाकाशी वाकले आणि कडेवरून सावकाश बोटं फिरवली. मग वळसा घालून उजव्या चाकालाही हात लावून बघितला.

"देवेश, डावीकडची जागा मी सांगतो. ती माझ्या शब्दावर गाडी काढते," हे म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ती खडी नव्हती ना गं?"

मला रडूच आलं, ते ह्यांना दिसलं की नाही कोण जाणे. देवेश उठला, हात झटकले आणि आत गेला. गाडी विकायचा विषय त्यानं त्यानंतर काढला नाही. त्या रात्री हे अर्ध्या जेवणावरून उठले. आता गाडीत बसायचेच नाहीत, अशी मला धास्ती पडली.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातून ह्यांच्या डोळ्यांचे थेंब आणायचे होते. मी गाडी बाहेर काढली, तर हे रोजच्यासारखे शेजारी येऊन बसले. देवेश मागं बसला. गल्लीच्या तोंडाशी आलो. विचारावं की नाही, मला समजेना. मी नुसता ब्रेक दाबून राहिले.

हे दार उघडून खाली उतरले. पायानं चाचपत कठड्याच्या पुढच्या टोकापाशी गेले, काठी त्याला लावून उभी धरली आणि ती न सोडता स्वतः बाजूला सरकले.

"माझ्या काठीकडं बघून काढ," म्हणाले.

मी काढली. काठी आधी समोरच्या काचेतून, मग आरशात स्पष्ट दिसत होती. डावं चाक तिच्या जवळून पुढं गेलं, आवाज झाला नाही. हे परत येऊन बसले, दार लावून घेतलं.

"किती राहिली?" ह्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न ह्यांनी मला पहिल्यांदा विचारला.

"वीतभर," मी म्हटलं. आणि खरंच वीतभर राहिली होती.