पाणी मारलेली खेळपट्टी

चाळीस वर्षं मी खेळपट्ट्या करतोय, पण सिनेमासाठी केलेली ही पहिलीच, आणि देव करो ही शेवटचीच असो. बारा दिवस रोलर ओढून कंबरेचा पार खुळखुळा झाला होता. आणि दिग्दर्शक, म्हणजे कालचं पोरगं, मला म्हणतं, "काका, थोड्या भेगा पाडा ना, गुलामगिरीचा फील येईल."

इंग्रज साहेबांच्या क्लबात भेगा? माझा बाप त्या काळी अशाच एका क्लबात माळी होता. म्हणजे झाडं-बिडं नाही, खेळपट्टी राखायची, एवढंच काम. बॅट कधी हातात धरू दिली नाही त्याला, पण त्याच्या पट्टीवर कुसळ दिसायचं नाही. हे आम्ही भावंडं जेवताना ऐकत लहानाचे मोठे झालो.

सिनेमाची गोष्ट नेहमीचीच. इंग्रजांचं राज्य, आपल्या गड्यांचा संघ, साहेबांशी सामना, शेवटी आपण जिंकतो. प्रत्यक्षात किती जिंकलो कुणास ठाऊक, पडद्यावर काही हरत नाही. त्यात एक माळीही होता. साहेबाच्या हुकमावरून तो सामन्याच्या पहाटे पट्टीवर पाणी मारतो, आपल्या लोकांच्या बॅटवर चेंडू नीट येऊ नये म्हणून. मग हिरो त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत देतो. माळी करणारा नट आजारी पडला, तेव्हा दिग्दर्शक माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्हीच करा. चेहरा अगदी तसाच आहे."

तसाच म्हणजे कसा? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जीव गेला तरी माळी स्वतःची पट्टी नासवत नाही. माझ्या बापाच्या तोंडाला काळं फासायला बोलावलंत का मला?" पाण्याचा पाईप तिथंच टाकला आणि घरी निघून आलो.

बापू, म्हणजे माझा बाप, खिडकीशी खुर्चीत बसले होते. वय नव्वदीच्या पुढे, कानाने कमी ऐकू येतं. मी सगळं ओरडून सांगितलं. वाटलं, पोराने आपली बाजू घेतली म्हणून म्हातारा खूश होईल.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "त्या सिनेमावाल्यांना कोणी सांगितलं?"

"काय?"

"पाण्याचं."

मी खाली बसलो.

"साहेबाने बादलीकडे नुसतं बोट दाखवलं रे. मी चार बादल्या ओतल्या. आपली पोरं तीस धावांत गारद. पोरांना कळलं होतं सगळं. जाताना त्यांचा कॅप्टन माझ्यापाशी थांबला. वाटलं, आता देतो एक. तर म्हणाला, 'पट्टी छान राखता हो तुम्ही.' आणि गेला." बापूंनी गालावरून हात फिरवला. "मारली असती तर सुटलो असतो."

राग कोणावर काढायचा, तेच कळेना. साठी उलटेपर्यंत ज्याचा अभिमान मिरवला, तोच समोर बसून माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याची माया वाटत होती. मी त्यांना चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सेटवर गेलो, काही न बोलता माळ्याचे कपडे चढवले. हिरो सभ्य होता बिचारा. कानाशी येऊन म्हणाला, "काका, गालाजवळून नुसता हात फिरवतो, आवाज नंतर घालतात."

मी म्हटलं, "नको. लागू दे."