चादरीची झटक

त्या काळी टेलिफोन आपला आपण लागत नसे. मध्ये एक बाई बसलेली असे. कुणी रिसीव्हर उचलला की तिच्यासमोरच्या लाकडी बोर्डावर इवलासा दिवा लागे. मग ती दोरीचं एक टोक त्या दिव्याखालच्या भोकात खुपसून नंबर विचारी आणि दुसरं टोक हव्या त्या भोकात खुपसून देई. एक्स्चेंजच्या लांबोळक्या खोलीत अशा बायका ओळीने, खांद्याला खांदा लावून बसत. इतक्या चिकटून, की एकीने कोपर बाहेर काढलं तर शेजारणीची दोरी सुटे आणि कुणाचं तरी बोलणं अर्ध्यावर तुटे. म्हणून सुपरवायझरबाई लाकडी पट्टी घेऊन पाठीमागून फेऱ्या घालीत. त्या कुणाला मारीत नसत. बाहेर आलेल्या कोपराला पट्टी नुसती टेकवीत आणि म्हणत, “कोपर.” नवी मुलगी थोड्याच दिवसांत अशी तयार होई, की झोपेतसुद्धा तिची कोपरं बरगड्यांना चिकटलेली असत.

धाकटी त्यांच्यातलीच एक. घरात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. नोकरीला लागून पगार आणू लागली तरी धाकटीच राहिली. घरी आई, दादा आणि वहिनी. वहिनी तिच्याहून फार मोठी नव्हती आणि तीही नोकरी करत होती, नदीकडच्या मोठ्या लाँड्रीत. शहरातल्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे येत. धुऊन, पिळून झाल्या की दोघी दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून त्या झटकत आणि मग वाफेच्या रुळाखाली सरकवत. सबंध दिवस तेच काम.

या दोन्ही ठिकाणच्या बायकांचे लॅक्रोसचे संघ होते. खेळ तसा सोपा. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला दोऱ्यांनी विणलेला उथळ खिसा. कडक रबरी चेंडू त्या खिशात झेलायचा, धावताना तो पडू नये म्हणून काठी पाळण्यासारखी झुलवत राहायची आणि संधी मिळाली की समोरच्या चौकोनी गोलात फेकायचा. धाकटी पळायला वाऱ्यासारखी होती. झेलायलाही चांगली. अडायचं ते शेवटच्या फेकीला. तिचा शॉट गोलापर्यंत जाई तोवर गोलकीपर कपाळावरचे केस मागे सारून तयार असे.

आणि लाँड्रीच्या संघाची गोलकीपर होती वहिनी.

“हिचा शॉट म्हणजे कसं सांगू,” वहिनी जेवताना सगळ्यांदेखत म्हणे. “चहाचा कप हातात दिल्यासारखा. मी तर म्हणते वन्संबाई, सोबत दोन बिस्किटंही देत जा.”

दादा ताटात बघून हसे. वहिनी एरवी तिला तू म्हणे, वन्संबाई निघालं की चिमटा येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या हंगामात धाकटीच्या नावावर एकही गोल लागला नव्हता. एक्स्चेंजच्या संघाची कप्तान म्हणजे सुपरवायझरबाईच. त्यांनी एकदा डबा खाण्याच्या खोलीत, हात पुसता पुसता, सांगून टाकलं. “लाँड्रीशी शेवटची मॅच. पुढे खेळणाऱ्यांपैकी जिच्या नावावर तोवर गोल नसेल तिने पुढच्या वर्षी जागा सोडायची. नव्या मुली थांबल्यात.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, सगळ्यांनी एकदम आपापल्या डब्यात पाहिलं.

धाकटी त्या दिवशी घरी चालत आली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची, कानाला यंत्र, समोर भोकं. आठवड्यातून एकदा मैदान होतं म्हणून पाय आपले आहेत हे तिला कळत असे. मैदान गेलं तर उरणार काय, खुर्ची आणि घर.

गच्चीवर वहिनी घरच्या चादरी वाळत घालत होती. लाँड्रीतून येऊन पुन्हा चादरीच. धाकटीने दुसरं टोक धरलं आणि काय झालं ते सांगितलं.

वहिनीने आपल्या टोकाची घडी उलगडली. मग म्हणाली, “म्हणजे तुला गोल मारायचाय, तो माझ्यावर.”

“हो.”

“आणि मारलास तर आमच्या बायका म्हणणार, घरची म्हणून सोडला. लाँड्रीची मुकादमबाई मला उभी ठेवणार नाही गोलात.”

“मग सोडू नकोस.”

“सोडणार नाहीच. तू काय समजलीस?” वहिनीने चादर ओढली. “शिकवीन मी तुला. पण असा मारायचा, की शंभर माणसांनी पाहिला तरी कुणाला बोलायला तोंड राहू नये. नाहीतर मारूच नकोस. धर नीट. झटक.”

धाकटीने झटकली. चादर फस्स करून खाली बसली.

“कोपरं काय शिवून घेतलीस अंगाला?” वहिनी म्हणाली. “हात छातीपासून लांब धर. लांब. आता माझ्याकडे खांदा कर, छाती नको दाखवू. मागच्या पायावर भार दे. हां. आता पुढचा पाय टाक. आधी कंबर फिरू दे, तिच्यामागून खांदा, त्याच्यामागून हात. आणि अगदी शेवटी मनगट. माशी मारतो ना, तसं.”

फस्स.

“तू सगळं एकदमच करतेस. घाई कसली आहे? गाडी सुटतेय?”

अंधार पडेपर्यंत दोघी एकच चादर झटकत होत्या. खालून आईने विचारलं, धुणं आहे तरी किती? एकदा मात्र, कसं ते धाकटीलाही कळलं नाही, कंबर पुढे गेली, हात मागून आले आणि चादरीचं टोक हवेत फट्ट वाजलं. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. वहिनीच्या हातातून तिचं टोक सुटलं.

“हे,” वहिनी म्हणाली. “हे काठीने कर.”

काठीने करणं वेगळं होतं. हात अंगापासून लांब नेले की चेंडू उथळ खिशातून मागे पडे. कोळशाच्या खोलीमागे एक बिनखिडक्यांची भिंत होती, तिच्यासमोर धाकटी रोज उभी राही आणि आधी निम्मा वेळ नुसता चेंडू उचलण्यात जाई. मग हळूहळू कळायला लागलं, की काठी मागे नेतानाही ती झुलती ठेवायची, थांबवायची नाही. वरच्या हाताने ढकलायचं, खालच्याने त्याच वेळी आपल्याकडे ओढायचं. भिंतीवर चेंडूचा आवाज बदलला. आधी दार वाजवल्यासारखा होता, नंतर दार आपटल्यासारखा झाला. भिंतीपलीकडे राहणारे घड्याळजी एकदा बाहेर येऊन म्हणाले, “पोरी, माझी घड्याळं पुढे पळायला लागली.”

जोर आला. नेम मात्र आला नाही. सुटीच्या दिवशी वहिनी भिंतीशी गोलकीपर म्हणून उभी राहिली आणि धाकटीचा प्रत्येक शॉट सरळ तिच्या पोटावर गेला. आता जोराने जात होता एवढंच.

“माझ्या पोटाशी काय वैर आहे तुझं?”

“मी कोपऱ्यातच मारते.”

“मारायचं असतं तुला कोपऱ्यात. बघतेस माझ्या तोंडाकडे.” वहिनीने काठी खाली ठेवली. “का बघतेस गं? रोज दिसतं ते घरी.”

धाकटीने चेंडू उचलला. याचं उत्तर तिला दुसऱ्या दिवशी बोर्डासमोर सापडलं. दिवसभरात शेकडो माणसं तिच्याशी बोलत, पण तोंड एकाचंही दिसत नसे. म्हणून असेल, समोर तोंड आलं की तिची नजर त्यालाच चिकटे, भुकेल्यासारखी. आणि तिथेच, बोलता बोलता, तिने आपला हात पाहिला. एरवी हाताकडे तिचं लक्षही नसे. दिवा लागला, डोळा दिव्याखालच्या भोकावर गेला आणि दोरी भोकात. बोर्ड भोकांनी भरलेला होता, पण आजूबाजूच्या भोकांकडे ती पाहतच नव्हती. जे हवं तेवढंच दिसत होतं. इतकी वर्षं हे काम करत होती आणि एकदाही चुकीच्या भोकात हात गेला नव्हता.

“कोपर,” मागून आवाज आला. पट्टी टेकली. विचाराच्या भरात तिचं कोपर चांगलंच बाहेर आलं होतं.

मॅचच्या दिवशी जमीन ओली होती. लाँड्रीच्या बायका मोठ्या संख्येने आल्या होत्या. मुकादमबाई रेषेजवळ घरून आणलेल्या स्टुलावर बसल्या. सकाळी घरातून निघताना नणंद-भावजय एकत्र निघाल्या होत्या, कोपऱ्यावर आल्यावर वहिनी म्हणाली, “तू त्या रस्त्याने जा. उगाच कुणी बघायला नको.” आणि मग वळून, “पोळ्या झाकून ठेवल्यास ना?”

“ठेवल्या.”

खेळात लाँड्री वरचढ होती. होणारच, त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या अंगात ती झटक होती. एक्स्चेंजच्या मुली सुबक खेळत, पास बिनचूक देत, आणि गोलासमोर गेल्या की कोपरं मिटून घेत. असं का होतं, हे सुपरवायझरबाईंना कधीच कळलं नव्हतं. त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते; पट्टीचा संशय तेवढा त्यांना आला नव्हता.

पहिली संधी धाकटीला उजवीकडून मिळाली. ती दोघींना चुकवून आत शिरली, खांदा वळवला, हात लांब नेले, आणि मागून धावत येणाऱ्या सुपरवायझरबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “कोपर.”

धाकटीचं कोपर आपोआप आत आलं. चेंडू टप्पा खात वहिनीकडे गेला. वहिनीने तो वाकून उचलला. कडेच्या बायका हसल्या.

“बिस्किटं?” वहिनीने हळूच विचारलं.

धाकटीला राग आला नाही. तिला सुपरवायझरबाईंच्या तोंडाकडे पाहावंसं वाटलं आणि ते तिने मुद्दाम टाळलं.

पुढे बराच वेळ तिच्याकडे चेंडू आलाच नाही. ऊन उतरलं. खेळ संपत आला होता आणि लाँड्री पुढे होती, हरणं-जिंकणं उरलंच नव्हतं. तेव्हा मधून एक लांब पास आला. तिने तो पळता पळता झेलला, काठी झुलवत एकीच्या बाजूने निसटली आणि गोलासमोर आली. वहिनी पाय रोवून उभी होती. तोंडावर ओळखीचा मागमूस नव्हता. धाकटीला ते तोंड दिसलं आणि तिने डोळे उचलून वर नेले. वहिनीच्या डाव्या खांद्याच्या वर, खांब आणि आडवी पट्टी मिळतात तिथे, थोडी जागा रिकामी होती. दिवा लागल्यासारखी ती दिसली. मग बाकी काही दिसलं नाही.

“कोपर,” मागून पुन्हा आलंच. या वेळी धाकटीच्या कानावर ते नुसतंच पडलं, चुकून लागलेल्या नंबरासारखं. पुढचा पाय पडला, कंबर फिरली, हात मागून आले.

फट्ट.

चेंडू पट्टीच्या आतल्या अंगाला लागून जाळीत गेला. वहिनी तोवर हवेत होती. तिने खरंच सगळं अंग झोकून दिलं होतं; काठी पुरी लांबवलेली होती आणि तरी हातभर कमी पडली. ती कुशीवर आपटली आणि घसरत खांबाशी जाऊन थांबली. गालापासून घोट्यापर्यंत चिखल.

एक्स्चेंजच्या मुली ओरडल्या. लाँड्रीच्या बायका मात्र गप्प होत्या आणि धाकटी त्यांच्याकडेच बघत होती. मुकादमबाई स्टुलावरून उठल्या, रेषा ओलांडून गोलाशी आल्या. त्यांनी वहिनीचा चिखल पाहिला, आडवी पट्टी पाहिली, मग धाकटीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“ही झटक आपली आहे,” त्या म्हणाल्या. “एक्स्चेंजवाल्यांना असा हात येत नाही. कुणी शिकवली हिला?”

वहिनी चिखलातून उठून बसली. “मी.”

मुकादमबाईंच्या भुवया वर गेल्या.

“घरातल्या चादरी काय मी एकटीने झटकायच्या?” वहिनी म्हणाली. “दुसरं टोक कुणी धरायचं, सासूबाईंनी?”

आधी वाफेच्या रुळावर काम करणारी एक जाडी बाई हसली, मग सगळ्याच. मुकादमबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी हात देऊन वहिनीला उभं केलं आणि तिच्या खांद्यावरचा चिखल आपल्या पदराने पुसला. “शिकव,” त्या म्हणाल्या. “पण झटकच शिकव. कोपरा गाठला ते काही तुझं शिकवणं वाटत नाही मला.”

“ते तिचं तिचं,” वहिनी म्हणाली.

मॅच एक्स्चेंज हरलं. धाकटीची जागा राहिली. सुपरवायझरबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी कामावर, पट्टी घेऊन फेऱ्या घालताना, तिच्या खुर्चीमागे क्षणभर थांबल्या. धाकटीचं कोपर बाहेर आलेलं नव्हतं. तरी त्या थांबल्या, काही बोलायचं असावं, मग पुढे गेल्या.

संध्याकाळी वहिनीचा खांदा इतका धरला होता, की हात डोक्याच्या वर जाईना. धुणं तसंच पडलं होतं. धाकटीने दादाला गच्चीवर बोलावलं आणि चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं.

“काय करायचं?” दादा म्हणाला.

“झटक.”

फस्स.

वहिनी बाजूला पालथ्या बादलीवर बसून खांदा शेकत होती. “राहू दे वन्सं,” ती म्हणाली. “यांना आधी दांडीवर टाकायला शिकव.”