दर लग्नाला घटणारा स्पीकर

मित्रांनो, कोपऱ्यातून खर्र असा आवाज आला तर उंदीर समजून चप्पल फेकू नका. तो आवाज माझा आहे. मी एक जुनी बासची पेटी आहे. लग्नात, जत्रेत गाणं लागलं की जो धम्म ठोका थेट छातीत शिरतो, तो काढणारी.

माझा जन्म अंबाजोगाईचा. किराणा दुकानाला जोडून लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या शंकरप्पांनी मला सागवानी फळ्यांतून घडवून घेतलं. पोटात बारा इंची स्पीकर बसला. आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून अप्पांच्या पत्नीने, उमाबाईंनी, आपली जुनी गोधडी आत अंथरली. मला वाजवण्याचं काम अप्पांच्या हाताखालच्या बंकटचं. अकरा वर्षं त्याने मला वाजवलं, पुसलं, आणि टेम्पोत चढवताना 'सावकाश गं बाई' असंही म्हटलं.

धर्मापुरीच्या जुन्या देवळापाशी मी पहिल्यांदा वाजले, तेव्हा तिथली वटवाघळं उठून परळीला गेली आणि तीन दिवस पाहुणी राहिली. खोटं वाटत असेल तर वटवाघळांना विचारा. माणसांना विचारू नका; माणसं कौतुक लवकर विसरतात.

मग ती वर्षं आली. घरांच्या माथ्यावर डिशच्या छत्र्या उगवल्या, दुकानात थंड पेयांच्या रोज नव्या रंगाच्या बाटल्या दिसू लागल्या. परळीच्या राधाकिशनने पंधरा इंची बास आणला. लिंबागणेश गावातल्या एका लग्नात तो नवरीकडून वाजला आणि मी नवऱ्याकडून. त्याचा ठोका असा की पंगतीतलं वरण आपल्या भाताला सोडून शेजाऱ्याच्या भातावर गेलं. लोक म्हणाले, अप्पांची पेटी खोकते.

अप्पांनी ठरवलं, मोठा स्पीकर आणायचा. आता अप्पांचा एक सिद्धांत होता: डोळा फसतो, कान फसतो, तराजू फसत नाही. ज्याचं चुंबक जड तो स्पीकर दमदार, असं तेव्हा बरेच जण मानत. बंकट म्हणाला, मला संगं न्या, कानानं पारखतो. अप्पांना वाटलं, हा दुकानदाराशी संधान बांधेल. ते एकटेच हैदराबादला गेले. तिथे त्यांनी एकही स्पीकर वाजवून पाहिला नाही. सगळे तोलून पाहिले. नऊ किलोंचा सर्वांत जड निवडून आणला. माझं तोंड करवतीने मोठं केलं आणि नव्या जावयासारखा त्याला आत बसवला. त्याच्या पाठीवर चकचकीत लोखंडी टोपण होतं. मला ते पाहताक्षणीच आवडलं नाही, पण जुन्या पेटीला विचारतो कोण?

पहिलं लग्न झालं. अप्पांनी सवयीप्रमाणे स्पीकर काढून तोलला. पाव किलो कमी भरला.

अप्पांनी काटा पुसून पुन्हा तोलला, तरी तेवढाच. बंकट थोडा हलका स्पीकर बदलून घालतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी स्पीकरवर शेंदराची खूण केली. दुसऱ्या लग्नानंतर खूण जागच्या जागी, वजन आणखी पाव किलो कमी. शहाणा माणूस इथे थांबला असता. अप्पा उमाबाईंना म्हणाले, "लई पोचलेला हाय. खूण बी तशीच उठवतो."

खोटं कशाला सांगू, मित्रांनो, मलाही संशय आला. आधी उंदरांचा, मग राधाकिशनचा, शेवटी बंकटचा. अकरा वर्षं ज्याचा हात ओळखला, तो हात जवळ आला की मी अंग चोरू लागले. त्यातच माझ्या पोटात काहीतरी टोचायचं आणि मी वाजताना खर्र करायचे. त्याचाही दोष बंकटलाच लागला.

दोन महिने असेच गेले. धर्मापुरीचा कार्यक्रम आला. तो बंकटचा शेवटचा, असं अप्पांनी ठरवलं. परत आल्यावर त्याला भर बाजारात चोर म्हणायचं. एकदा ते नाव पडलं की अंबाजोगाईत कुणी त्याच्या हातात साधा रेडिओ दिला नसता.

निघायच्या सकाळी उमाबाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "अहो, पाखरू उडालं का पिंजऱ्यातच हाय, ते तरी बघा. समदी पेटी तोला. आता तोला अन् आल्यावर तोला."

मला धान्याच्या मोठ्या काट्यावर चढवलं. वजन खडूने भिंतीवर लिहिलं. बंकट दारात उभा होता. त्याला काय कळायचं ते कळलं.  त्याने हात पाठीमागे बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. मला पुन्हा काट्यावर घातलं. वजन भिंतीवरच्या आकड्याइतकंच, तोळ्याचाही फरक नाही. मग अप्पांनी एकटा स्पीकर तोलला. पाव किलो कमी.

अप्पा एकदा काट्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. उमाबाईंनी सूप आणलं, माझ्या पोटातली गोधडी ओढली आणि सुपावर झटकली. सरसर वाळू पडली. मित्रांनो, मला हलकं वाटलं आणि लाजही वाटली. चोरी माझ्या पोटात होती आणि मीही दुसऱ्याचाच हात बघत होते.

बंकटने पेचकस घालून ते लोखंडी टोपण उचकटलं. आत चुंबक पुरीएवढं, आणि बाकी वजन वाळूचं. टोपणाची सांध धक्क्यांनी सुटली होती आणि प्रत्येक गाण्याला वाळू गळत होती. हैदराबादच्या त्या दुकानदाराने अप्पांना त्यांच्याच तराजूने फसवलं होतं.

 मग बंकट म्हणाला, "अप्पा, आता मला बी काट्यावर घाला. ह्या दोन महिन्यांत मी किती घटलो, ते बी कळू द्या."

अप्पांकडे त्यासाठी वजन नव्हतं.

उमाबाईंनी लुगड्यात बांधून ठेवलेला माझा जुना बारा इंची स्पीकर माळ्यावरून काढून दिला. बंकटने फळीचं कडं कापून तो माझ्या मोठ्या तोंडात नीट बसवला, अ‍ॅम्प्लिफायरची वायर जोडली आणि घरी गेला. तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा टेम्पो उभा होता आणि अप्पा माझी एक मूठ धरून वाकले होते. त्यांनी आजवर मला कधी उचललं नव्हतं. बंकटने थोडा वेळ पाहिलं, मग दुसरी मूठ धरली. "सावकाश, अप्पा," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी पंधरा इंची स्पीकर आणायला बंकटच गेला. तराजू न नेता गेला, कान लावून घेऊन आला. राधाकिशनची पेटी त्यापुढे खोकली की नाही, ते वटवाघळांनाच ठाऊक.

आता मी या कोपऱ्यात असते. मित्रांनो, कधी जवळ आलात तर धूळ पुसा, वाळवी लागली तर औषध घाला. पण माझ्या सांदीत चिमूटभर वाळू अजून शिल्लक आहे, तेवढी मात्र झाडू नका. कुणाविषयी मनात शंका आली की मला जरा हलवा, आणि खर्र होतं का ते ऐका.