तिसगावची बी.ए.

बहात्तर सालची संक्रांत होऊन आठवडा उलटला होता आणि कोल्हारात घरोघरी हळदीकुंकवाची वर्दळ चालू होती. गोजरबाईंच्या ओसरीवर तर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या ओटीत बोरं, कुणाच्या हातात उसाचं कांडं, कुणाच्या मांडीवर पेंगुळलेलं पोर. गोजरबाईंची सून राही तबक घेऊन एकेकीपुढे वाकत होती. लग्नानंतरची तिची ही दुसरी संक्रांत.

उखाण्यांना रंग चढला होता. शेजारच्या बायडाबाईंनी पदर दातात धरून आधी नको नको केलं आणि मग ठसक्यात घेतला:

चुलीवरच्या दुधाला आली दाट साय,
आप्पासाहेब घोरत्यात रातभर, मी करू तरी काय.

ओसरी हसून हसून वाकली. "आप्पाभावजींना सांगते बघ," कुणीतरी म्हणालं.

"सांग की. त्यांनाबी कळू दे, गावाला झोप न्हाई ते."

"आता राहीचं. घे गं, लाजू नगं."

राहीने तबक खाली ठेवलं. "हंड्यावर हंडा, वरती पितळी परात..." एवढं म्हणते तोच अंगणात सायकलची घंटी वाजली. एसटी स्टँडवरच्या सायकल दुकानाचा बन्सी दारात उभा होता. त्याच्यामागे पांढऱ्या सुती साडीतली, खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण बाई.

"गोजराकाकू, पावणी आणलीय," बन्सी म्हणाला. "ह्या बाई यष्टीतनं उतरल्या आन् इचारत्यात, बी.ए. झालेली राही कुठं राहती? मी म्हनलं, बाई, आमच्या आळीत बी.ए. झालेला बाप्या न्हाई, तर बाई कुठनं यायची? तर म्हनल्या, तिसगावची. तिसगावची म्हनल्यावर आमच्या रंगनाथाचीच मंडळी. पर ती तर अकरावी. आता तुमीच बघा."

सगळ्यांचे डोळे राहीकडे वळले आणि राही उगाच तबकातल्या वाट्या सारख्या करू लागली.

बन्सी सांगत होता ते खरं होतं. ती बी.ए. होती. नगरच्या कॉलेजात चार वर्षं, वसतिगृहाच्या खोलीत, सेकंड क्लास. निकाल लागला त्या दिवशी तिचे वडील भिमाजी तिसगावच्या बाजारात पेढे वाटत फिरले होते. पण पुढच्या वर्षात दोन स्थळं आली आणि दोन्ही परत गेली. मुलगा अकरावी, मुलगी चौदावीच्याही पुढे, असं कसं जमायचं? तिसरं स्थळ कोल्हारचं आलं. घर चांगलं, पाटपाण्याची जमीन, मुलगा रंगनाथ इंटर झालेला, म्हणजे कॉलेजचं दुसरं वर्ष पास. भिमाजीने बैठकीत खाकरून सांगितलं, "पोरगी अकरावी हाय." झालं. राहीची चार वर्षं त्या एका खाकरण्यात गेली.

लग्नाची हळद दळताना आई जात्यावर गात होती:

जातं फिरे गरागरा, हळदीचा पडं सडा,
राही माझी शिकली गं...

पुढे "शेवटच्या बुकाचा धडा" यायचा होता. तो आईच्या ओठावर आलाही होता. तेवढ्यात वडलांनी दारातून पाहिलं, आणि आईने जात्याचा एक फेरा मुकाच जाऊ दिला. मग ओवी वळवली: "हाती हिरवा चुडा."

तेव्हापासून राहीने तो फेरा तसाच मुका ठेवला होता. सासर चांगलं मिळालं, म्हणून तर भीती जास्त. माणसं वाईट असती तर फसवल्याचं काही वाटलं नसतं.

दारात उभी होती ती एलिझाबेथ. वसतिगृहात राहीच्या शेजारची खाट तिची. आता नगरच्या एका हायस्कुलात मास्तरीण. तिने राहीचा चेहरा पाहिला, मग ओसरीवरच्या बायकांचे पाहिले, आणि क्षणात ओळखलं की काहीतरी सांडलं आहे.

"ह्यांनी उलटं ऐकलं की मीच उलटं बोलले कोण जाणे," ती हसत म्हणाली. "बी.ए. झालेली मी. राही माझी जुनी मैत्रीण. मला आत तरी घ्या."

"तरीच," बायडाबाई म्हणाल्या.

गोजरबाईंनी घाईघाईने पाहुणीला पाट दिला. "बसा बाई. तिळगूळ घ्या. बन्सी, तूबी घे आन् नीघ. दुकान उघडं टाकून आलास."

बायडाबाईंनी कुंकवाचं बोट पुढे केलं आणि एलिझाबेथच्या गळ्यातला बारीक क्रूस पाहून ते हवेतच थांबवलं.

"कुंकू राहू द्या," एलिझाबेथ म्हणाली. "तिळगूळ मात्र मला दोनदा चालतो."

हशा पिकला. ओसरी पुन्हा वाहती झाली. पण राहीचा उखाणा परातीपाशीच राहिला. चहाचं निमित्त करून ती आत गेली आणि पाठोपाठ एलिझाबेथ.

"काय गं हे?" चुलीपाशी तिने दबक्या आवाजात विचारलं.

राहीने चार वाक्यांत सांगून टाकलं. एलिझाबेथ कपाळाला हात लावून बसली.

"आणि मी सगळ्या स्टँडला विचारत आले."

"आलीस कशी इतक्या लांब?"

"पुढच्या महिन्यात कॉलेजचं संमेलन आहे. जुन्या मुलींनाही बोलावलंय. कोण कुठे, कोण काय करते, ते गोळा करायचं काम माझ्या गळ्यात. दया नर्सांना शिकवते. केशर कचेरीत लागली, तिच्या सहीशिवाय म्हणे कागद हलत नाही. तुझंच काही कळत नव्हतं, कोल्हारला दिली एवढंच ऐकलं होतं." ती थांबली. "पण त्यासाठी पत्र टाकलं असतं. आले ते दुसऱ्यासाठी. इथून सायकलच्या अंतरावर जूनपासून मुलींची शाळा निघते आहे. त्यांना पदवीधर बाई पाहिजे. मी तुझं नाव सांगून बसले. हेडमास्तर उद्या नगरला येणार आहेत. त्यांना हो म्हणायचं की नाही, ते साडेपाचच्या गाडीआधी सांग."

चहाला उकळी आली, उतू गेली, तरी राही बघतच राहिली. एलिझाबेथने पातेलं उतरवलं.

हो म्हणायचं तर आधी इथे सांगायला हवं. सांगितलं तर वडील खोटे पडणार, ती खोटी पडणार. आणि रंगनाथ? त्याला काय वाटेल? आधीच्या दोन स्थळांनी तर नुसतं ऐकूनच तोंड फिरवलं होतं. हा तर दीड वर्ष एका ताटात जेवलेला.

"नाही सांगितलंस तरी मी रागावणार नाही," एलिझाबेथ म्हणाली. "जाताना तशीच जाईन."

राहीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तू चहा नेऊन दे बाहेर. मी मळ्यात जाऊन येते."

मळा गावाच्या कडेलाच होता. विहिरीवर इंजिन फटफटत होतं, उसाला पाणी चाललं होतं. रंगनाथ पेरूच्या झाडाखाली पाट्या भरत होता. तिला पाहून त्याने एक पिकला पेरू पुढे केला. तिने घेतला नाही. ती काहीतरी बोलली, ते इंजिनात बुडालं. दुसऱ्यांदा बोलली, तेही बुडालं. शेवटी त्याने जाऊन इंजिन बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं की पाटातल्या पाण्याचा आवाज येऊ लागला.

"मी बी.ए. आहे," राही म्हणाली.

"काय?"

"बी.ए. झालेली. लग्नाच्या आधीच. दादांनी अकरावी सांगितलं, कारण स्थळं मोडत होती. मी तेव्हा गप्प बसले आणि मग गप्पच राहिले."

रंगनाथने हातातला पेरू पाटीत ठेवला. "पास?"

"सेकंड क्लास."

"इषय?"

इथे तिचा आवाज आणखी खाली गेला. "इंग्रजी."

तो बांधावर बसला. ढेकळावरून एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे पाहत बसला. राहीला वाटलं, आता म्हणेल, भर तुझी पेटी. तिसगावच्या घराचा उंबरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि आईचं तोंड. ती उभीच राहिली. बसायला सुद्धा त्याने सांगावं असं तिला वाटत होतं.

"मी इंटर न्हाई," रंगनाथ म्हणाला.

आता "काय?" म्हणायची पाळी तिची होती.

"दोनदा बसलो. दोन्ही टायमाला गेलो. आन् कशात गेलो म्हनशील? तुज्याच इंग्रजीत." त्याने मान वर केली. "आईनं तुज्या दादांना सांगितलं, पोरगा इंटर झालाय. मी आत हुतो. बाहीर यायला पायजे हुतं. न्हाई आलो. तवापासून तो इंग्रजी पेपर लावलाय, रोज सकाळी तोंडापुढं धरतो. चार वळी कळत्यात, पाचवीला गाडी रुतती."

"मला वाटायचं, तुम्ही सावकाश वाचता."

"आन् तू चुलीपाशी शेंगदाण्याच्या पुड्यांचं कागद सोडून बघत बसायचीस. मला वाटायचं, चित्रं बघती."

"त्याच पेपरचे कागद ते. रद्दीतून परत आलेले, तुमचे वाचून झालेले."

"झालेले," तो म्हणाला, आणि हसू लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. राही खाली बसली, पदरात तोंड घालून. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिने शाळेचं सांगितलं. त्याने आणखी दोन पेरू पाटीत टाकले.

"लोक म्हणतील, बायको मास्तरीण आन् नवरा इंजिन हाकतो."

"म्हणतील."

"मला सवय व्हायला जरा येळ लागंल."

"लागू द्या. जूनपर्यंत आहे."

"पगार मला दाखवू नगं पैल्या महिन्यात," तो म्हणाला. "दुसऱ्या महिन्यात दाखव." आणि पाटी उचलून खांद्यावर घेतली.

घरी बायका पांगल्या होत्या. ओसरीवर एलिझाबेथ आणि गोजरबाई दोघीच होत्या, आणि मधे सांडलेल्या तिळांवर मुंग्या लागल्या होत्या. मुलगा आणि सून बरोबर आलेली पाहून गोजरबाई उठल्या. राहीने सगळ्या वाटेने मनात जुळवलेलं बोलून टाकलं. गोजरबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलाकडे पाहत होत्या.

"तू सांगितलंस हिला?"

"सांगितलं."

"समदं?"

"दोन्ही टायमाचं."

गोजरबाई मटकन खाली बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. थंडीच्या दिवसांत त्यांना घाम आला होता. बऱ्याच वेळाने त्यांना राहीची आठवण झाली.

"तुज्या बापानं आमाला फसवलं गं."

"आन् तुमी त्यांना?" रंगनाथ म्हणाला.

"आमी एकच यत्ता चढवली. त्यानं चार उतरवल्या. कुणाचं जास्ती झालं? ह्या बाईंनाच इचार, शिकलेल्या हायत."

"हिशेबाने भिमाजीकाकांचंच जास्त," एलिझाबेथने गंभीरपणे निकाल दिला.

"बघ." गोजरबाईंना बरं वाटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मघाशी बन्सी बी.ए. म्हनला, तवा माजं काळीज तोंडाला आलं. वाटलं, ही बाई नगरची, कॉलेजातली. ह्याचं नापास झाल्यालं उकरून काढती आता भर बायकांत."

"आत्याबाई, मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात."

"रागावते कशाला? मीच भ्यालेली." त्यांनी डोळे पुसले. "माजा भाऊ राधाकृष्ण घोडेगावचा. बैलाचा बाजार करतो. तुज्या लग्नापासून ह्या घरात आला न्हाई. ठाऊक हाय का, का ते?"

"सोयरिकीत रुसले म्हणालात."

"रुसला कशाचा. मीच येऊ दिला न्हाई. त्याच्या तोंडाला कुलूप न्हाई. ओसरीवर बसला की पैलं म्हणायचा, काय रे रंगनाथा, नापासा, उसाचं कसं काय? दिवाळी गेली, दोन भाऊबीजा गेल्या. त्यानं निरोप धाडला की मी म्हणायची, आजारी हाय, पाहुणे हायत, म्हस व्यायली." बोलता बोलता त्यांचा आवाज जात्यावरच्या बाईसारखा लांबला. "एका यत्तेपायी भाऊ तोडला बघ मी."

राही जाऊन त्यांच्याजवळ बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"शाळेचं काय?" एलिझाबेथने हळूच विचारलं. "गाडीची वेळ झाली."

"शाळेचं काय म्हंजी?" गोजरबाई म्हणाल्या. "रांधायला मी मेले का? जाऊ दे तिला. पर सायकलवर एकटी न्हाई. बन्सीला सांगून बायकांची सायकल बघ रे, आन् आधी अंगणात शिकू दे. पडली तर घरात पडंल."

"सायकल येते मला," राही म्हणाली.

"आनखी काय काय येतं, तेबी एकदाच सांगून टाक बाई."

एलिझाबेथने पिशवीतून पोस्टकार्ड काढलं, कारण गोजरबाईंना तेवढ्यात भावाला पत्र धाडायचं होतं. आजच, आत्ताच. ही बाई नगरच्या मोठ्या पोस्टात टाकील, म्हणजे घोडेगावला लवकर पोचेल. राही उंबऱ्यापाशी बसून लिहू लागली आणि गोजरबाई सांगू लागल्या.

"लिही. दादास साष्टांग नमस्कार. इकडं समदी खुशाल हायत. म्हस बरी हाय. तू ये. शिवरात्रीच्या आत ये. कुणी आजारी न्हाई, कुणी पाहुणं न्हाई."

"झालं."

"लिही, रंगनाथाला काय म्हणायचं ते म्हण. आता चालंल."

रंगनाथ दाराशी टेकून उभा होता. "हे लिहायलाच पायजे का?"

"लिही गं तू. आन् येताना कुणाचा बैल संगं आणू नगं म्हणावं, नुसता ये."

कार्ड भरत आलं. राहीने खाली बारीक अक्षरांत गोजरबाईंचं नाव घातलं, आणि हस्ते म्हणून आपलं.

"तुज्या नावाफुडं ते घाल," गोजरबाई म्हणाल्या.

"ते काय?"

"तेच. बन्सीनं साऱ्या आळीत बोंबललं ते. मावेल ना एवढ्यात?"

"मावेल," राही म्हणाली, आणि लिहिलं.

एलिझाबेथने कार्ड पिशवीत ठेवलं. रंगनाथने पेरूंची एक पिशवी तिच्या दुसऱ्या हातात दिली. तिघं गल्लीतून स्टँडकडे निघाली, तेव्हा गोजरबाई ओसरीवरूनच ओरडून सांगत होत्या, बाईंना खिडकीची जागा बघून द्या, आणि घोडेगाव नीट लिहिलंय ना ते एकदा वाचून घ्या म्हणून.