दार उघडून दिल्याबद्दल

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून दिवसभर लोकांना ‘जरा थांबा’ सांगणाऱ्या बबीवर त्या दिवशी स्वतः थांबायची पाळी आली. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत हातमोज्यांच्या खोक्यावर बसली होती. मांडीवर न उघडलेला डबा, कानाला फोन, आणि फोनमध्ये बँकेचं तेच तेच संगीत.

झालं होतं असं, की सकाळी तिनं कधी नव्हे ते कार्डाचं बिल नीट वाचलं. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून बिल म्हटलं की ती नजर चुकवायची. शेवटचा आकडा बघायचा, भरायचा आणि मोकळं व्हायचं, अशी तिची रीत. आज मात्र मधल्या ओळींवर नजर गेली. एक अनोळखी नाव होतं. नाव कसलं, चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक नंबर. तेच नाव पुन्हा खाली, पुन्हा त्याच्या खाली. रक्कम दर वेळी तीच. मोबाइलवर मेसेज आले असणारच, पण दिवसभरात इतके मेसेज यायचे की ती न वाचताच पुसून टाकायची.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “मी नाही बाई. मी हल्ली दाढीचं ब्लेडसुद्धा तुला विचारून आणतो.” कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं विचारायच्या आधीच कानांवर हात ठेवले.

शेवटी बँकेतली मुलगी फोनवर आली. आवाज बबीसारखाच, सकाळपासून बोलून बोलून चोथा झालेला.

“हे व्यवहार तुम्ही केलेले नाहीत, असंच नोंदवू ना, मॅडम?”

“नाही केले. पण हे आहे तरी कोण?”

“घरदुरुस्तीची सेवा आहे. नळ, गिझर, कुलपं, असलं सगळं. त्यांचं दुकानाचं नाव वेगळं असतं, बिलावर मूळ कंपनीचं येतं. म्हणून ओळखू येत नाही.”

तेव्हा कुठे बबीला आठवलं. दोन वर्षांपूर्वी बाबांकडचा गिझर बिघडला होता, तेव्हा तिनंच यांना बोलावलं होतं आणि कार्डही तिचंच दिलं होतं. म्हणजे एकदा कार्ड हाती लागलं म्हणून हे लोक आता पुन्हा पुन्हा लचका तोडत होते तर.

“बंद करा कार्ड,” ती म्हणाली. “आणि तक्रारही लिहून घ्या.”

डबा तसाच राहिला. दुपारी एक रडणारं पोर आणि त्याच्याहून घाबरलेला त्याचा बाप यांना ती समजावत होती, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मॅडम, दुरुस्तीवाला बोलतोय. तुमचं कार्ड चालत नाहीये.”

सकाळपासूनचा सगळा वैताग बबीच्या जिभेवर आला. “चालेल कसं? मीच बंद केलंय. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? बँकेत तक्रार गेलीये तुमची.”

मग तो म्हणाला, “ठीक आहे. पण काका दाराबाहेर बसलेत. त्यांचं काय करू?”

“कोण काका?”

त्यानं पत्ता सांगितला. पत्ता बाबांचा होता.

डॉक्टरांची परवानगी काढून, दोन बस बदलून ती पोचली तेव्हा बाबा तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसले होते. खाली वर्तमानपत्राची घडी अंथरलेली, इस्त्रीचा शर्ट, पाय जुळवलेले. शेजारी हत्यारांची पिशवी घेऊन दुरुस्तीवाला भिंतीला टेकून उभा होता.

“तू कशाला आलीस, बबी?” बाबा म्हणाले. “कामाचा दिवस ना.”

आयुष्यभर या माणसानं घरात मिस्त्रीला पाऊल टाकू दिलं नव्हतं. नळाचा वॉशर असो की पंख्याची वायर, स्टुलावर चढून स्वतः करायचं. गिझरच्या वेळीसुद्धा ते दिवसभर घुश्शात होते.

तिनं पर्समधून रोख पैसे काढून दिले. दुरुस्तीवाल्यानं ते मोजले, खिशात घातले आणि बाबांपुढे हात केला. “काका, किल्ली.”

बाबांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढून दिली. त्यानं दार उघडलं. बाबा कुणाकडेही न बघता आत गेले.

बबी लिफ्टपर्यंत त्याच्या मागे गेली. “किल्ली होती त्यांच्याकडे?”

“दर वेळी असते. काका गिझरच्या वेळच्या नंबरावर फोन करून बोलावतात. पहिल्यांदा मला वाटलं, कुलूप अडकतंय. तेल घातलं. पुढच्या वेळी काकांनी माझ्यासमोर लावून बघितली. उलटी धरली होती. मग एकदम थांबलेच, किल्लीकडे बघत राहिले. मीच घेतली हातातून.”

“मग मला फोन का नाही केलात?”

“काका म्हणाले, तिला सांगू नका, ती दमलेली असते.” तो जरा घुटमळला. “आणि खरं सांगायचं तर फेरीचे पैसे मिळत होते, मॅडम. मीही विषय काढला नाही.”

त्याच्यावर चिडायला हवं होतं. पण चिडण्यापुरतंसुद्धा त्राण अंगात उरलं नव्हतं. ती नुसतीच मान हलवून परत फिरली.

आत बाबा चहा टाकत होते. त्यांनी गॅस पेटवला, साखरेचा डबा काढला, झाकण लावून जागेवर ठेवला. प्रत्येक हालचाल बबी टक लावून बघत होती, आणि आपण असं बघतोय हे कळून तिला कसंतरीच झालं.

“कधीपासून, बाबा?”

“कुलूपच भिकार आहे ते.”

“बाबा.”

ते स्टुलावर बसले. चहा उकळत राहिला. तिनंच उठून गॅस बारीक केला.

“किल्ली कळते,” ते म्हणाले. “दार कळतं. दोन्हींचं मिळून काय करायचं, तेवढंच निसटतं. थांबलं की येतं परत. पण जिन्यात माणसं ये-जा करतात. समोरची विचारते, काका, काय झालं? मिस्त्री उभा असला की बरं दिसतं. कुलूप बिघडलंय, म्हणून मिस्त्री आलाय.”

बबीनं चहा गाळला. दोघांनी चहा प्यायला. मग तिनं बँकेला फोन लावला आणि तक्रार मागे घ्यायची आहे म्हणून सांगितलं. पुन्हा बराच वेळ थांबल्यावर पलीकडून विचारणा झाली, “म्हणजे व्यवहार तुमच्या माहितीतले होते?”

“घरातलेच निघाले.”

“कार्ड मात्र आता नवीनच येईल, मॅडम.”

“येऊ दे.”

दूरच्या शहरातल्या धाकट्या भावालाही कळवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, बोट लावलं की उघडणारी कुलपं मिळतात हल्ली. मी पाठवतो ना.” प्रश्न कुलपाचा नाही, हे त्याला समजावत बसायची तिला ताकद नव्हती. ती ‘बरं’ म्हणाली. मग दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन करून मेंदूच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं.

“चार दिवस आमच्याकडे चला,” ती बाबांना म्हणाली.

“पोरीनं कुठं झोपायचं मग?”

“आमच्या खोलीत.”

“आणि जावईबापू?”

“ते झोपतील बाहेर. तसेही टीव्हीसमोरच घोरतात.”

चार दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही ठाऊक होतं. “मला पाचला चहा लागतो,” एवढंच बाबा म्हणाले आणि कपाटातून शर्ट काढू लागले. बबी पलंगावर टेकली. दोन मिनिटं डोळे मिटू, असं तिनं ठरवलं.

जाग आली तेव्हा खिडकीत अंधारून आलं होतं. अंगावर चादर होती. समोरच्या खुर्चीत बाबा बूट घालून, मांडीवर बॅग घेऊन बसले होते.

“उठवलं का नाहीत?”

“घाई कशाची आहे?”

स्टॉपवर बस लगेच आली. आत नेमकी एकच जागा रिकामी होती. “तुम्ही बसा,” बबी म्हणाली. “तू बस, दिवसभर राबतेस,” बाबा म्हणाले. दोघंही मागे हटेनात. तेवढ्यात मागून चढलेला एक गृहस्थ ‘माफ करा हं’ म्हणत तिथं बसून गेला. बाबांनी बबीकडे पाहिलं, आणि दोघंही एकमेकांना खेटून, दांडा धरून उभे राहिले.